दारात ठेवलेला आवाज

कोक-साय कुरण,
९ जून १९७४

प्रिय साकिन,

तुझं ब्लडप्रेशर, तुझा नातू आणि तुझ्या खिडकीतल्या कुंड्या सुखरूप असोत. आम्ही गेल्या आठवड्यात वर कुरणावर आलो. तंबू उभा राहिला, घोड्या दुधावर आहेत, मेंढ्यांची लोकर कातरून झाली. माझा उजवा गुडघा तेवढा वर यायला तयार नव्हता, त्याला घोड्यावर बांधून आणला.

आणखी एक पानभर खुशाली लिहिणार होते, पण शाळेत एका बाकावर बसलेल्या बाईपुढे कसला आव आणायचा? तेव्हा सरळच लिहिते. आमची बुरुल बोलत नाही.

बुरुल म्हणजे एर्मेकची मुलगी. पहिलं नातवंड, म्हणून रीतीप्रमाणे ती माझीच लेक. चाळीस दिवसांची झाली त्या दिवशी मी तिला माझ्या अंथरुणात घेतली. तिची आई मी, ‘अपा’ म्हणायचं ते मला, जन्मदातीला नुसतं नावाने. पण म्हणेल तेव्हा ना! मार्चमध्ये तीन वर्षांची झाली, तोंडातून शब्द नाही. मेंढीची जीभ खाऊ घालायला सांगितली कुणी, ती तीनदा घातली. पोर गुटगुटीत झाली, बोलणं तिथेच.

आणि वेडी म्हणशील तर मुळीच नाही गं. तीन वर्षांची पोर, पण कसलेल्या सुनेसारखी वागते. चहाची वाटी दोन्ही हातांनी देते, आमच्या म्हाताऱ्यापुढे वाकते, तंबूतून बाहेर पडताना त्याच्याकडे पाठ करत नाही, मागे मागे सरकत जाते. बघणारे तोंडात बोट घालतात.

लस टोचायला आलेल्या नर्सने वसंतातच तिचं नाव वहीत चढवलंय. सप्टेंबरात आम्ही खाली गावात उतरलो की नारिनहून तपासणीला डॉक्टर येणार. तोवर बोलली नाही, तर तिला तुमच्या फ्रुंझेला मुक्या मुलांच्या वसतिशाळेत पाठवणार म्हणे. साकिन, ती माझ्या कुशीशिवाय एक दिवस झोपलेली नाही. तू तीस वर्षं बालवाडीत अडखळणाऱ्या, न बोलणाऱ्या पोरांना बोलतं केलंस. आता माझ्या पोरीचं बघ.

तुझी,
उलकान


फ्रुंझे,
२० जून

उलकान, माझ्या जिवलगे,

पत्र मिळालं. कुंड्या सुखरूप आहेत, ब्लडप्रेशर तुझ्या पत्राने थोडं चढलं.

आधी मेंढ्यांच्या जिभा बंद. पोरीपेक्षा मेंढ्यांवर अन्याय होतोय. आता एकेक करून सांग. तिच्या पाठीमागे, तिला न दिसता, चमचा पातेल्यावर आपट. वळते का? ‘बूट आण’ म्हटलं तर बूटच आणते का? हवं ते बोटाने दाखवते का? लक्षात ठेव, मूल बोलायच्या आधी कितीतरी दिवस नुसतं गोळा करत असतं. आत भांडार भरलं की मग तोंड उघडतं. पण भरणार कोण? कुणीतरी तिच्या तोंडाकडे बघून बोलायला हवं, ती हुं करेपर्यंत थांबायला हवं, आणि तिच्या हुंला उत्तर द्यायला हवं.

म्हणून तुला गृहपाठ देते. एक अख्खा दिवस कागद-पेन्सिल घेऊन तंबूत बस. बुरुलशी कोण किती शब्द बोललं ते मोज. तुझे मोज, तुझ्या सुनेचे, गुलसूनचे मोज, आणि तुझ्या कोयचुमानचेही मोज.

(हो, लिहिलं मी तुझ्या नवऱ्याचं नाव. मी काही त्याच्या घरची सून नाही.)

साकिन


कोक-साय,
२ जुलै

प्रिय साकिन,

नाव लिहिलंस ते लिहिलंस, वर कंसात नाक वर करून सांगतेस! एर्मेकने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तो नेमका तिथे अडखळला आणि ‘आणि यांचेही मोज’ म्हणून पुढे गेला. दुधाचा ट्रक घेऊन तो आठवड्यातून एकदा येतो, तेवढंच आमचं पोस्ट.

कान ठणठणीत आहेत. चमचा सोड, मी साखरेचा खडा फोडला तर अर्ध्या माळावरून पळत येते. बूट म्हटलं तर बूट आणते, आणि कुणाचे ते न सांगता ओळखते.

आता तुझा गृहपाठ. काल दिवसभर मांडी घालून बसले, गुडघा अजून शिव्या देतोय. म्हाताऱ्याने तंबूत एकोणीस शब्द खर्च केले: अकरा कुत्र्यावर, सात घोड्याच्या खोगिरावर आणि एक बुरुलवर. ‘ये’ म्हणाला. पूर्वी असा नव्हता गं. दोन-तीन वर्षांत पार आटला. हल्ली कानात कोमट चरबी सोडत बसतो, विचारलं तर म्हणतो, वारा लागतो.

माझे मोजता मोजता पेन्सिल झिजली. खा, झोप, तिकडे जाऊ नकोस, हात लावू नकोस, अगं हात लावू नकोस म्हटलं ना.

गुलसूनचे शून्य. हसू नकोस, यात कौतुक आहे. अशी सून दिवा घेऊन शोधलीस तरी मिळणार नाही. या घरात चार वर्षं झाली, सासऱ्यासमोर तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. माझ्याशी बोलली तरी ओठातल्या ओठात. मोठ्यांसमोर स्वतःच्या पोरीला उचलत नाही, लाडाचा शब्द नाही. म्हाताऱ्याच्या नावात मेंढ्या आहेत, म्हणून ती मेंढीला मेंढीसुद्धा म्हणत नाही, ‘लोकरवाली’ म्हणते. दिवसातून पाच वेळा बुरुलला बोटाला धरून घोड्यांच्या धारा काढायला टेकडापलीकडे जाते, दूध आणते, चहा ओतते, बसते. शेजारच्या कुरणावरच्या बायका आपल्या सुनांना हिचा दाखला देतात.

तर सांग आता, पोरीला कसलं औषध देऊ?

उलकान


फ्रुंझे,
१२ जुलै

उलकान,

औषध तुझ्या चुलीपाशी चहा ओतत बसलंय.

तू कौतुकाने पाठवलेला कागद मी दोनदा वाचला आणि मला रडू आलं. एका मुलीभोवती तीन मोठी माणसं, आणि दिवसभरात तिच्याशी गोष्ट म्हणून कुणी बोललं नाही. तुझे हुकूम मी धरत नाही, हुकुमाने कुत्रा बसतो, मूल बोलत नाही. मूल आईच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकतं. तिच्या आईच्या तोंडाला तुम्ही कुलूप घातलंय आणि किल्लीचं कौतुक शेजारणींना सांगताय.

तेव्हा रागावू नकोस, पण एक महिना पोर गुलसूनला दे. अंथरुणासकट. तिला तंबूत, तुम्हा दोघांसमोर, पोटभर बोलू दे.

तुझीच,
साकिन


कोक-साय,
२१ जुलै

साकिन,

पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक आहेत. पाऊस बरा आहे.

शहरात राहून माणूस शहाणं होतं हे ऐकलं होतं. बुरुल माझी लेक आहे, तिला कुणाला द्यायची हे मला कुणी सांगायला नको. माझ्या सासूने माझा पहिला मुलगा घेतला, तेव्हा मी काही पत्रं लिहीत बसले नव्हते.

उलकान


फ्रुंझे,
३० जुलै

उलकान,

रागाव. मीही रागावून आठ दिवस उत्तर लिहिणार नव्हते, पण सप्टेंबर माझ्यासाठी थांबणार नाही.

तुझा हिशेबाचा कागद पुन्हा काढला आणि कपाळावर हात मारून घेतला. माझंही चुकलंय. मीच ‘तंबूत बस’ म्हटलं, त्यामुळे त्यावर फक्त तंबूतले शब्द आहेत. तूच लिहिलंयस, पोर दिवसातून पाच वेळा आईबरोबर टेकडापलीकडे जाते. तिथले शब्द कुठे आहेत?

एकदा जाऊन बस. कुणाला दिसू नकोस. एवढंच कर, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

साकिन


कोक-साय,
१४ ऑगस्ट

साकिन, अगं साकिन,

बसून घे. मी दोन दिवस उभीच आहे, बसायला सुचत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते लोकरीच्या नमद्याखाली टाकून दिलं. चार दिवस त्यावर बसले. पाचव्या दिवशी म्हटलं, जाऊन बघते आणि हिला कळवते की तिथेही माझी सून तशीच गुणाची आहे. दावणीपाशी लपायला जागा कुठे? एक गोवऱ्यांचा ढीग. अठ्ठावन्न वर्षांची बाई, मोडका गुडघा, डोक्यावर पांढरा रुमाल, गोवऱ्यांमागे ओणवी! एक शिंगरू माझ्याकडे टक लावून बघत होतं, त्याला मी डोळ्यांनी दटावलं.

दोघी आल्या. टेकडाचा माथा ओलांडेपर्यंत गप्प होत्या. उतार लागला, आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना. एक बारीक, खणखणीत आवाज आला:

“गुलसून, आज काळीच्या धारेला भांडं मी धरणार. तू काल म्हणालीस उद्या. आज उद्या आहे.”

माझी बुरुल! आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. घोडीला म्हणते, “पाय हलवू नकोस गं बाई, काल तुझ्यामुळे सांडलं आणि बोलणी गुलसूनला बसली.” शिंगराला म्हणते, “तुझं झालं पिऊन, आता आमचं.” बोबडी नाही, तोतरी नाही. सकाळी कुत्र्याने तळलेला बोरसोक पळवला ती सगळी हकिगत सांगितली, कुत्रा कसा आला, अपा कशी ओरडली, मोठे कसे हसले नाहीत पण त्यांची दाढी हलली. मोठे म्हणजे म्हातारा. त्याने त्या दिवशी दाढीत हसल्याचं मलासुद्धा कळलं नव्हतं.

आणि गुलसून! त्या पोरीला आवाज आहे, साकिन. चांगला भरदार. घोडीला पान्हा फुटावा म्हणून गात होती, मधेच थांबून लेकीला प्रश्न विचारत होती, तिचं उत्तर येईपर्यंत थांबत होती. अगदी तू लिहिलंस तसं, कुणी न शिकवता. मग तिने लंगडत चार पावलं टाकून माझी नक्कल केली, “हात लावू नकोस, अगं हात लावू नकोस म्हटलं ना!” हुबेहूब. मला राग यायला हवा होता, पण मी तोंडात रुमाल कोंबला म्हणून हसू बाहेर आलं नाही.

आता पुढचं ऐक. मला वाटलं होतं, आता ती पोरीकडून स्वतःला अपा म्हणवून घेईल. कुणी ऐकायला नाही, कुणी अडवायला नाही. मी तर तेच ऐकायला श्वास रोखून बसले होते. ती म्हणाली,

“तू कुणाच्या कुशीत झोपतेस?”

“अपाच्या.”

“अपा कुठली?”

“पांढऱ्या रुमालाची. गुडघ्यावर रागावते ती.”

“मग तिला हाक मार की एकदा. तिला किती बरं वाटेल.”

“तू मारत नाहीस मोठ्याने,” बुरुल म्हणाली. “आत मोठ्याने बोलत नाहीत.”

तीन वर्षं गुलसून माझा शब्द माझ्यासाठी लेकीच्या तोंडात घालत होती, आणि मी तिच्यावर गोवऱ्यांआडून पाळत ठेवत होते.

दूध घेऊन परत निघाल्या. मी अंतर ठेवून मागोमाग गेले. तंबूच्या दारापाशी आल्यावर दोघींनी एकदमच डोईवरचे रुमाल सारखे केले, आवाज दारात ठेवला आणि आत गेल्या. आईने चहा ओतला, लेकीने वाटी दोन्ही हातांनी दिली. मुकी कसली गं? आमच्या घरात दोन सुना आहेत, त्यातली एक तीन वर्षांची आहे.

माझ्याने अजून कुणाला काही सांगवलं नाही. काय करू ते लिही.

तुझी मूर्ख,
उलकान


फ्रुंझे,
२४ ऑगस्ट

माझ्या मूर्ख, जिवलग उलकान,

मी पत्र वाचताना इतकी हसले की शेजारीण दार ठोठावून गेली. मग शेवटाकडे आले आणि तिला परत बोलावून तिच्यासमोर रडले.

मी शहाणी म्हणून तुझ्या सुनेच्या तोंडाला कुलूप आहे असं ठरवून मोकळी झाले होते. तीस वर्षांत जे मी बायकांना फळ्यावर चित्रं काढून शिकवलं, ते ती घोडीखाली बसून करत होती. माझ्या वतीने तिच्या कपाळाचं चुंबन घे. आणि आता ऐक, माझ्या नातवाचं तुला कधी लिहिलं नाही. तो दिवसभर बोलतो, पण सगळं रशियनमध्ये. दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करणारी मी, माझ्या घरात मला कुणी ‘अपा’ म्हणत नाही. म्हणून तुझ्यावर जरा जास्तच ओरडले असेन.

आता कामाचं. बुरुलचं बोलणं उत्तम आहे, पण डॉक्टरसमोर ती गप्प बसली तर कागदावर मुकीच ठरेल. मूल नुसते शब्द शिकत नाही, कुठे बोलायचं आणि कुठे नाही हेही त्याच तोंडाकडे बघून शिकतं. तिने तुमच्या घरचा नियम बिनचूक पाठ केलाय, तेव्हा तिला दटावू नकोस, बोल बोल म्हणून मागे लागू नकोस. ज्यांच्यासाठी नियम आहे, त्यांनीच तो सोडायला हवा. कोयचुमानला सांग. आणि तपासणीच्या खोलीत त्याला शक्यतो नेऊ नकोस.

साकिन


गावातून,
१५ सप्टेंबर

प्रिय साकिन,

नेऊ नकोस म्हणालीस. तो आला.

क्रमाने सांगते. कुरणावरून उतरायच्या आदल्या दिवशी म्हातारा लगाम शिवत बसला होता, तेव्हा मी त्याला गोवऱ्यांपासून सगळं सांगितलं. अगदी जवळ बसून, मोठ्याने. सुई मधेच थांबली. मग पुन्हा चालू झाली. मी मनात म्हटलं, झालं, दुखावला.

काल दवाखान्यात आम्ही गेलो, मी, गुलसून आणि बुरुल. बाहेर गाव जमलेलं, खिडकीला नाकं लागलेली. इतक्यात हा दार उघडून आत आला, टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसला. बुरुलने त्याला बघितलं, रुमाल सारखा केला, वाकली आणि मिठाची गुळणी धरून बसली.

डॉक्टरीण तरुण होती, नारिनची, आपलीच. तिने चित्रं काढली. हत्ती. लिंबू. आगबोट. आता मला सांग, आमच्या पोरीने आगबोट कुठे बघायची? ती डॉक्टरणीकडे दयेने बघत राहिली. मग निघाली मेंढी. पोरीचे डोळे चमकले, तोंड उघडलं, नजर म्हाताऱ्याकडे गेली आणि तोंड मिटलं. डॉक्टरणीचं पेन कागदावर चालू लागलं.

म्हातारा खाकरला.

“बुरुल,” तो म्हणाला, “बोल. दावणीपाशी बोलतेस तसं.”

एका दमात पाच शब्द! बुरुलने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिने दारापाशी उभ्या गुलसूनकडे बघितलं, गुलसूनने मान हलवली. तेव्हा कुठे हळूच म्हणाली, “लोकरवाली.”

“लोकरवाली?” डॉक्टरीण म्हणाली. “हिला मेंढी म्हणतात, बाळा. म्हण बघू, मेंढी.”

पोरीने दोन्ही हात तोंडावर घेतले. डॉक्टरणीला वाटलं, घाबरली. विषय बदलावा म्हणून गोड आवाजात विचारते, “बरं राहू दे. तुझ्या आजोबांचं नाव काय?”

आणि साकिन, बुरुल ताडकन उठून उभी राहिली.

“अगंबाई! त्यांचं नाव नाही घेत! मोठे आहेत ते! आणि ते इथेच बसलेत, त्यांनी ऐकलं ना! तुला घरी कुणीच काही शिकवलं नाही का?”

खिडकीबाहेर गाव हसत सुटलं. पण आमची थांबते कुठे, धरणच फुटलं होतं. हत्तीला शेपूट दोन्हीकडे का आहे, लिंबाची धार कोण काढतं, ही चित्रं घरी न्यायला मिळतात का. डॉक्टरीण टेबलावर डोकं टेकून हसत होती. डोळे पुसून म्हणाली, “मलाही सून होऊन चार वर्षं झाली, बाई. चुकलं माझं.” आणि वहीतल्या बुरुलच्या नावावर तिने आडवी रेघ मारली. एकदा नाही, दोनदा मारली. मी मोजल्या.

बाहेर आल्यावर म्हातारा घोड्यापाशी थांबला. गुलसून नेहमीसारखी पाच पावलं मागे, खाली मान. तो तिच्याकडे न बघता, खोगिराकडे बघून म्हणाला, “सूनबाई, आजपासून घरात तुझा आवाज येऊ दे. तीन वर्षं बघतोय, तुझे ओठ हलतात, मला काहीच ऐकू येत नाही. मला वाटलं, माझे कान गेले. बहिऱ्याच्या हाती कळप कोण ठेवणार? भलतंच उत्तर जाऊन बहिरेपण कुणाला कळायला नको, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं.”

ऐकलंस? चरबी त्यासाठी होती! चार माणसांचं घर, आणि एकमेकांना बघून सगळे मुके. दोन डबे चरबी फुकट गेली.

कालपासून तो बोलतोय. तीन वर्षांचं साठलेलं सगळं काढतोय. आज सकाळी मीच म्हटलं, जरा गप्प बस.

उलकान


गावातून,
६ ऑक्टोबर

माझ्या आदरणीय ताई, साकिन एजे,

मी गुलसून. अपांनी सांगितलं की तुम्हाला पत्र लिही, आणि त्यांना वाचून न दाखवता पाकीट बंद कर. म्हणाल्या, तुझ्या मनातलं लिही, मी गोवऱ्यांमागून एकदा ऐकलंय तेवढं पुरे. मला त्या ढिगाचं आता कळलं. नकलेचंही कळलं असेल या विचाराने मी तीन दिवस त्यांच्यासमोर जायचं टाळलं. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “गुडघा उजवा आहे. तू डावीकडे लंगडत होतीस.”

तुमचं चुंबन कपाळावर पोचलं. अपांनी ते इतक्या जोरात दिलं की रुमाल घसरला.

बुरुल आता घरात, अंगणात, दुकानात, कुठेही बोलते. एर्मेक ट्रक घेऊन येतो तेव्हा त्याला हॉर्न वाजवावा लागत नाही, ती आधीच गावाला सांगून मोकळी झालेली असते. मी घरात बोलायला लागले तेव्हा पहिले काही दिवस माझाच आवाज मला परका वाटायचा. मोठे मुद्दाम काहीतरी विचारतात, आणि मी सांगताना डोळे मिटून ऐकतात. मेंढीला मात्र मी अजून लोकरवालीच म्हणते. त्यांचं नाव या पत्रातही माझ्याने लिहवत नाही, हात धजत नाही. तेवढं राहू दे. ते मला आवडतं म्हणून आहे.

एक गोष्ट अपा तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी अंगणात लोकर पिंजत होतो. अपांनी बुरुलला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “बुरुल, इकडे बघ. माझ्या तोंडाकडे बघ. मी चोङ-अपा. मोठी आई. आणि ही तुझी अपा. म्हण.” मी हातातली लोकर टाकून नको नको म्हणत उठले, तर मला म्हणाल्या, “बस खाली. माझ्या सासूने मला हे दिलं नाही. एर्मेकच्या आधीचा माझा थोरला सहा वर्षांचा होऊन गेला, त्याने शेवटपर्यंत मला नावाने हाक मारली. मी तेव्हा कुणाला पत्र लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.”

मला हे चार वर्षांत माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का?

बुरुल दोन दिवस गोंधळली. ‘अपा’ म्हणायची, आम्ही दोघी वळायचो, ती वैतागून पाय आपटायची. काल संध्याकाळी अपा आणि मी आत चहा करत होतो. बाहेरून हाक आली, “अपा! अपा, लवकर ये!” अपा अर्ध्या उठल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकलेला, एक पाय पुढे. मग त्या तशाच सावकाश खाली बसल्या, माझ्या हातातली किटली काढून घेतली आणि म्हणाल्या,

“जा ना. तुला हाक मारतेय.”

पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या नातवाला घेऊन कुरणावर या. बुरुलने त्याच्यासाठी काळी घोडी ठरवून ठेवली आहे. धार कशी काढायची ते ती सांगेल, त्याला ऐकावंच लागेल.

तुमची,
गुलसून